बिनआवाजाच्या पिक्चरातली रजनीबाई

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी मोहितनं रजनीबाईच्या मोबाइलवर पिक्चरचा एक तुकडा पाठवला. तो बघता बघता कढईतल्या सांजोऱ्या जळून काळ्या झाल्या, तरी तिला वास आला नाही.

तुकडा एवढासाच होता. त्यात तिचाच चेहरा होता, मोबाइल भरून, आणि ती रडत होती. खाली मोहितनं लिहिलं होतं, ‘भाभी, आज पूरे मोहल्ले को रुलाएंगे.’ आवाज नव्हता. मोहितच्या पिक्चरमध्ये आवाज नसतोच. पण पडद्यावरच्या रजनीबाईचे ओठ हलत होते आणि कढईपुढे बसलेली रजनीबाई ते वाचत होती. दीड महिन्यापूर्वी आपण कॅमेऱ्यासमोर काय बोललो, हे तिला स्वतःचेच ओठ वाचून आज कळत होतं.

‘गोटू रे, तू गेलास आणि तुझ्या आईला आम्ही अजून सांगितलं नाही. तुझ्या दहाव्याला मी तिला पुरणपोळी वाढली रे, गोटू.’

तिनं कढई खाली उतरवली. हा पिक्चर आज संध्याकाळी चौकात पांढरं कापड बांधून दाखवणार होते. आणि पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर, दर वेळेसारख्या मालूबाई बसणार होत्या. मालूबाई म्हणजे रजनीबाईची सासू, आणि गोटूची आई. ठार बहिऱ्या. पण ओठ वाचण्यात अख्ख्या गल्लीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

तर ही रजनीबाई कोण, हे बऱ्हाणपुरात सांगावं लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगायला हवं. ती मूळची फोपनारची. बाप केळीवाला. बहिणींत ही सगळ्यात बडबडी. केळीच्या बागेत या टोकाला बोलायला लागली की त्या टोकाचा माणूस उत्तर द्यायचा, असा खणखणीत आवाज. लग्न होऊन आमच्या साळ्यांच्या गल्लीत आली आणि बोलणंच बंद झालं. सासुरवास नव्हे हो! लूम. दोन्ही अंगाला पॉवरलूमचे कारखाने, दिवसभर खटाखट खटाखट. शेजारच्याला पाणी मागायचं तर गळा फाडावा लागतो. पहिल्या महिन्यात पोरीचा घसा पार बसला. मग मालूबाईंनी तिला हाताशी धरलं.

मालूबाईंचा जन्म कांड्या भरण्यात गेला. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. कानही त्यातच गेले, आधी एक, मग दुसरा. त्यांनी सुनेला शिकवलं की आमच्याकडे बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी, गळ्याचं काम नाही. मालक आला तर कपाळावर दोन बोटं. चहा तर अंगठा ओठाला. बाकी सगळं ओठांवर, नीट, सावकाश, तोंड उजेडाकडे करून. आणि काही गुपित सांगायचं असेल तर तोंड भिंतीकडे करायचं. इतर ठिकाणी लोक कुजबुजतात, आमच्यात भिंतीकडे तोंड करतात. वर्षाच्या आत फोपनारची ती बडबडी पोरगी या गच्चीवरून त्या गच्चीवर अख्खं भांडण करायला लागली, एक शब्द न काढता.

असंच एक भांडण मोहितनं बघितलं. मोहित नेपानगरचा, कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला. लग्नाच्या शूटिंग करतो आणि शेजारच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्याला पिक्चर काढायचं वेड. पहिला पिक्चर आवाजासकट काढला, तर त्यात हिरो काय बोलतो, हिरोइन काय बोलते, कुणाला कळेल तर शपथ. नुसती खटाखट. बिचारा डोकं धरून गच्चीत बसला होता, आणि समोर रजनीबाई आपल्या दिराला, गोटूला, झापत होती. परीक्षेला दांडी मारून पोरगं तापीवर पोहायला गेलं होतं. हातवारे, भुवया, कमरेवरचा हात, मधेच डोळ्याला पदर. मोहितला सगळं कळलं. तो म्हणाला, आवाज गेला खड्ड्यात, ही बाई हवी.

प्रकाश, म्हणजे रजनीबाईचा नवरा, लूमवर जॉबर आहे, बिघडलेले लूम दुरुस्त करतो. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं. गोटूनंच त्याला पटवलं. ‘दादा, करू दे ना वहिनीला. घरात आम्ही फुकट बघतो, जरा दुनियेनं पण बघू दे.’ रजनीबाई लग्न होऊन आली तेव्हा गोटू एवढासा होता, नाक पुसता येत नव्हतं त्याला. तिला स्वतःला मूल झालं नाही. आता वेगळं काय सांगायचं?

पहिला पिक्चर होता गॅसच्या टाकीची वाट बघणाऱ्या बाईचा. लोक पोट धरून हसले. मग सासूच्या हरवलेल्या चष्म्याचा आला, त्यात सासूही तीच आणि सूनही तीच. बोलणंच नाही, त्यामुळे मालेगावलाही कळतो, सुरतेलाही कळतो, हैदराबादेतही कळतो. मोबाइलवर लाखांनी लोक बघायला लागले. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं, ही बाई खरोखरच मुकी आहे. बसमध्ये भेटले की हातवारे करून विचारायचे, ‘जेवलीस का?’ हीसुद्धा खट्याळ, हातवारे करूनच सांगायची, ‘जेवले, पण मीठ कमी होतं.’

एक भानगड मात्र झाली होती. एका पिक्चरमध्ये नवरा परदेशी निघालाय आणि ही दारात उभी राहून निरोप देतेय, असा सीन होता. मोहित म्हणाला, काहीही बोला भाभी, आवाज थोडाच आहे. ही बोलली, ‘दुधावर झाकण ठेवलं का हो? मांजर टपलंय.’ चौकात पिक्चर लागला, मोहित डोळे पुसतोय आणि गल्ली लोळून हसतेय! ओठ वाचता न येणाऱ्या मोहितला अजून कळलेलं नाही का ते. रजनीबाई मात्र शहाणी झाली. त्या दिवसापासून कॅमेऱ्यासमोर तिनं ओठ मिटून घेतले. सगळं काम डोळ्यांनी आणि हातांनी. लोक त्यालाच तिची खासियत म्हणायला लागले.

आणि मग गेल्या पौषात गोटू गेला. सुरतेला कपड्याच्या मार्केटमध्ये कामाला होता. ताप आला, कावीळ झाली, आणि प्रकाश पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिकडेच तापीकाठी प्रकाशनं अग्नी दिला. आपलीच तापी, इथून वाहत तिकडे जाते. तेव्हा इकडे मालूबाई इंदूरला दवाखान्यात होत्या, छातीत स्प्रिंग बसवली होती. डॉक्टर म्हणाला, महिनाभर कसलाही धक्का लागू देऊ नका. प्रकाश परत आला तो तोंड शिवूनच. बायकोला भिंतीकडे तोंड करून सांगितलं आणि वर बजावलं, ‘रडायचं नाही. आई चेहरा बघते.’

मालूबाईंना सांगितलं की गोटूला दुबईला नोकरी लागली, तिथं कंपनी मोबाइल जमा करून घेते. गल्लीलाही तेच. सुतक नाही, दहावा नाही, तेरावं नाही. दहावा नेमका संक्रांतीला आला. मालूबाई नुकत्याच घरी आलेल्या, तोंडाला चव आलेली, त्यांनी पुरणपोळी मागितली आणि रजनीबाईनं ती केली, तूप घालून वाढली. महिन्याचा दुसरा महिना झाला, दुसऱ्याचा तिसरा. मालूबाई टुणटुणीत झाल्या. पण सांगायचं कसं, हे दोघांनाही कळेना. जितका उशीर झाला तितकं तोंड उघडणं अवघड होऊन बसलं.

असल्या दिवसांत मोहितनं नवा पिक्चर काढला. जत्रेत जिचं मूल हरवलं त्या बाईचा. सगळं शूटिंग झालं, शेवटी एक रडणं राहिलं. ते मोहितच्या गच्चीवर घेतलं. रजनीबाईला रडू येईना. मोहित म्हणाला, ‘भाभी, किसी को तो पुकारो.’ तिनं गोटूला हाक मारली. त्यानंतर आपण काय बोललो, किती बोललो, तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की खूप हलकं वाटलं होतं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली होती.

आणि आज हा तुकडा समोर आला होता.

ती मोबाइल पदरात धरून लूमवर धावली. प्रकाश लूमखाली आडवा होऊन पाना मारत होता. तिथं बोलायची सोय नाही. कारखानाभर माणसं, आणि प्रत्येक माणूस ओठ वाचतो. तिनं पाय ओढून त्याला बाहेर काढलं आणि मागच्या भिंतीशी नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

‘बघा.’

प्रकाशनं बघितलं. पुन्हा बघितलं. 

‘तू असं बोललीस? कॅमेऱ्यासमोर? डोकं फिरलं होतं का तुझं?’

‘मला शुद्ध नव्हती हो.’

‘आई बघेल. सगळी गल्ली बघेल. चारचौघांत, भर चौकात तिला कळणार की पोरगा...’

‘मग आपणच सांगू या,’ रजनीबाई म्हणाली. ‘आत्ता. चला घरी.’

‘उद्या आखाजी आहे.’

‘म्हणून तर म्हणते. उद्या घागरी भरायच्या. मामंजींची घागर भराल आणि गोटूला तसंच ठेवाल?’

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज, सांजोरी ठेवतात. आणि वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याच्यासाठी वेगळं मडकं मांडतात. हे प्रकाशला काय ठाऊक नव्हतं? त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं.

‘तिचं काही बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? आधी तो पिक्चर थांबव. मग बघू.’

मग बघू! पौषापासून तो हेच म्हणत होता. पण आत्ता वाद घालायला वेळ नव्हता. रजनीबाईनं मोहितला फोन लावला. लागेना. शेजारच्या निर्मलानं सांगितलं, तो तर पहाटेच खकनारला गेला, लग्नाच्या शूटिंगला. पिक्चर कालच चौकातल्या मंडळाच्या पोरांना पेन ड्राइव्हमध्ये देऊन गेलाय. मंडळाच्या पोरांकडून मागावा तर शंभर प्रश्न विचारतील, आणि आधी स्वतः बघतील. आणि बघितलं की संपलंच.

एक उपाय होता, मालूबाईंनाच घरी ठेवायचं. रजनीबाई घरी आली तर मालूबाई दुपार व्हायच्या आधीच तेल लावून, जरीकाठी लुगडं खाटेवर काढून बसलेल्या.

‘आत्याबाई,’ ती त्यांच्या समोर बसून ओठांनी म्हणाली, ‘आज नका येऊ चौकात. उकाडा किती आहे. छातीला त्रास होईल.’

‘मले काय होते?’ मालूबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्या हळू बोलतात तेव्हाही चार घरांना ऐकू जातं. ‘उकाडा काय आज नवा आहे? मी जाणार. मी पुढच्या लाइनीत बसणार.’

‘मोबाइलवर दाखवते ना उद्या.’

‘मोबाइलमध्ये तू मुंगीएवढी दिसते. मले मोठ्या कापडावर पाहायचं आहे.’

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मालूबाईंनी डोळे मिटले की भांडण संपलं, पुढे तुम्ही काहीही बोला, त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. रजनीबाई चरफडत उठली, चपला घातल्या आणि खकनारची बस पकडली.

ते बसमधले हाल काय सांगावेत! जीव टांगणीला लागलेला, आणि शेजारच्या बाईनं तिला ओळखलं. बाईनं आनंदानं डोळे मोठे केले, तिच्याकडे बोट दाखवलं, मग गॅसची टाकी लोटायचा हातवारा केला. पुढच्या सीटवरच्या पोरी वळून बसल्या. सगळ्या हातवारे करून विचारतायत, नवीन पिक्चर कधी? रजनीबाईला ओरडून सांगावंसं वाटलं, मला तोंड आहे गं बायांनो, आज नको! पण तिनं हसून हात हलवला. मग खिडकीबाहेर बघत बसली. केळीच्या बागा संपेचनात. दर थांब्यावर ड्रायव्हर उतरून पान खाऊन येतोय असं तिला वाटत होतं. मनातल्या मनात तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

खकनारला लग्नाचा मांडव शोधायला अडचण आली नाही, डीजे गावभर ऐकू येत होता. मोहित नवरदेवाच्या घोड्यापुढे कॅमेरा घेऊन उलटा चालत होता. रजनीबाई थेट त्याच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. ओठ आणि हात, दोन्हींनी सांगितलं, तो तुकडा काढ, आज दाखवू नकोस. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही समजलं असतं. मोहितनं अंगठा वर करून दाखवला आणि म्हणाला, ‘वा भाभी! डान्स करने आई हो?’

कपाळ! तिनं त्याचं मनगट धरलं आणि मांडवामागे, जिथं आचारी बुंदी पाडत होते, तिथं खेचत नेलं.

‘तो रडण्याचा तुकडा काढून टाक.’

‘काय? भाभी, तोच तर पिक्चर आहे! बाकी में है क्या? हे बघा, मी एवढ्या शादियां शूट केल्या, विदाईला रडणाऱ्या हजार बायका बघितल्या. असं रडताना मी कुणालाच बघितलं नाही.’

‘म्हणूनच काढ.’

‘कारण तरी सांगा.’

‘सांगता येत नाही.’

‘तर मग सॉरी. पुढच्या महिन्यात भोपाळला दाखवणार आहेत हा. तुमचं नाव होईल. मी नाही काढणार.’

‘मग आजपासून मी तुझ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाही. कधीच नाही.’

मोहितचा चेहरा पडला, पण तोही हट्टी. ‘तुमची मर्जी,’ म्हणाला आणि कॅमेरा उचलून निघाला. घोडा पुढे गेला होता, त्याला जायलाच हवं होतं. आता काय करणार?  जे प्रकाशनं एकदा भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं, जे तिनं स्वतः शुद्धीत असताना एकदाही तोंडानं उच्चारलं नव्हतं, ते तिनं डीजेवर आवाज चढवून, फोपनारच्या केळीबागेतल्या आवाजात, त्याच्या पाठीवर फेकलं.

‘गोटू मेलाय रे! सुरतेला! त्याच्या आईला माहीत नाही, आणि मी तेच बोललेय त्यात!’

मोहित जागच्या जागी थांबला. बुंदीचा झारा हातात घेतलेला आचारीसुद्धा थांबला. मोहित वळला. गोटूबरोबर त्यानं गच्चीवर पतंग उडवले होते. तो खाली बसला आणि डोळ्यांवर हात धरले. मग उठून नाक पुसलं आणि म्हणाला, ‘लॅपटॉप गाडीत आहे. वरात पोचली की करतो. आप बैठो.’

वरात पोचली, अक्षता पडल्या, जेवणं झाली, तेव्हा कुठं त्याला सवड मिळाली. मांडवाच्या एका खांबाला टेकून त्यानं तो चेहरा काढला आणि त्या जागी पाठमोरी बाई घाट उतरतेय असा तुकडा जोडला. दोघं मोटरसायकलवर निघाले तेव्हा उन्हं उतरली होती. रस्त्यात ट्रॅक्टरची रांग लागली. मोहित सारखा बाजूनं घुसत होता आणि मागे रजनीबाई सारखी म्हणत होती, ‘पड, पण पोच.’

चौकात पोचले तेव्हा पडदा बांधून झाला होता, बायापोरं खाली बसली होती, दराब्याच्या मिठाईचे द्रोण फिरत होते. पहिल्या रांगेत लाल खुर्चीवर मालूबाई, जरीकाठी लुगडं, दोन्ही हात मांडीवर. मोहितनं उडी मारून मंडळाचा लॅपटॉप गाठला. मंडळाचा पोरगा म्हणाला, ‘लावला पण मी. आता बंद नका करू, लोक ओरडतील.’ मोहित त्याला बाजूला सारून काहीतरी करत राहिला. पडद्यावर तोवर जत्रा दिसायला लागली होती. रजनीबाईला काही कळेना, हा जुना की नवा? तिनं मोहितकडे बघितलं, त्याची पाठ होती. प्रकाश भिंतीला टेकून उभा होता, तोंडात रुमाल कोंबून.

पिक्चर पुढे सरकत होता. पाळणे आले. हरवलेलं पोर आलं. बाई धावतेय, याला विचार, त्याला विचार. लूमची खटाखट चालूच होती आणि रजनीबाईला वाटत होतं, ती आपल्या छातीतलीच आहे. बाई घाटावर आली. बाई थांबली. आता. आता तो चेहरा येणार. रजनीबाईनं डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा पडद्यावर पाठमोरी बाई पायऱ्या उतरत होती. मग पाणी, मग अंधार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जेवढ्यास तेवढ्या. प्रकाशनं रुमाल काढला आणि मोठ्यानं श्वास सोडला.

तेवढ्यात मालूबाई उठल्या. पडद्यासमोर उभ्या राहिल्या, त्यांची सावली कापडभर पडली. वळून त्यांनी गर्दीत सुनेला शोधलं आणि त्यांच्या त्या आवाजात विचारलं, ‘झालं? इतकंच?’

सगळी गल्ली हसली. मालूबाई हसल्या नाहीत. लुगड्याचा काठ सावरून त्या तशाच घरी गेल्या, जेवल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. रजनीबाईनं खांद्याला हात लावला तर तो झटकला.

‘कुणी सांगितलं की काय?’ प्रकाशनं विचारलं.

‘कोण सांगणार? मोहित माझ्याबरोबरच होता.’

रजनीबाईनं दोघांची ताटं तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात. गल्ली इतकी शांत की कुणी नळ सोडला तरी ऐकू येतं. रजनीबाई उठून बघते तर मालूबाईंची खाट रिकामी.  ती दारापर्यंत धावली, तर मालूबाई कुंभारवाड्याकडून येत होत्या. कडेवर घागर होती. आणि दुसऱ्या हातात, पदराखाली झाकलेलं, एक नवं लहान मडकं.

त्या कुणाकडेही न बघता आत गेल्या. कोपरा सारवला. नवऱ्याच्या नावची घागर मांडली. तिच्या शेजारी ते मडकं मांडलं, पाणी भरलं, कुंकवाचं बोट लावलं, वर एक सांजोरी ठेवली. प्रकाश दारात उभा होता. तो मटकन खाली बसला आणि ‘आई, आई’ एवढंच म्हणत राहिला. आईची पाठ त्याच्याकडे होती, तिला काय कळणार?

मग मालूबाई वळल्या.

‘मी आपल्या गच्चीवर मिरच्या उलथू राहिली होती त्या दिवशी,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही शूटिंग करू राहिले होते. तुले वाटलं, बहिरी आहे, तिचं काय. पण तुझं तोंड मह्या बाजूनं होतं.’

 दीड महिना! जिचं हळू बोलणं चार घरांना ऐकू जातं, त्या बाईनं दीड महिना हे पोटात ठेवलं होतं.

‘आत्याबाई, मग तुम्ही बोलल्या का नाही?’

‘वाट पाहिली. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मह्या पोराच्या दहाव्याला मले पुरणपोळी चारली तुम्ही. मी मागून दुसरी घेतली.’ त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. ‘ते घास अजून इथं अडकेल आहेत. याच्यासाठी माफी नाही तुम्हाले. नाही!’

प्रकाश त्यांचे पाय धरायला पुढे सरकला. त्यांनी पाय मागे घेतले. आणि मग सुनेकडे बघता बघता त्यांचा आवाज फुटला.

‘पण तू तरी तो तुकडा काढायचा नव्हता वं! या घरात मह्या गोटूसाठी एक माणूस रडलं, ते तेवढंच. कुणी छाती पिटली नाही, कुणी नाव घेतलं नाही. म्हटलं, मोठ्या कापडावर एकदा नीट पाहू, सगळ्या गल्लीनं पाहू, मह्या पोरासाठी कुणीतरी रडू राहिलं. मी त्याच्यासाठी गेली होती. आणि तू ते काढून टाकलं.’

 रजनीबाईनं तोंडाला पदर लावला, तिला सवयच होती, भिंतीकडे वळली आणि खांदे हलायला लागले.

मालूबाई उठल्या. त्यांनी तिचा पदर खाली ओढला, हनुवटी धरली आणि तिचं तोंड खिडकीकडे वळवलं.

‘भिंतीकडे नाही,’ त्या म्हणाल्या. ‘इकडे उजेडात रड. काय म्हणतेस, ते मले दिसू दे.’